बावीस वर्षं क्लच दाबला, मग गाडीतून क्लचच गेला

शेठचा फोन आला, "आप्पा, नवा ट्रेलर आलाय. ऑटोमॅटिक आहे. तुम्हीच काढा." मी सरळ नाही म्हणालो. म्हटलं, पोरांना द्या, मला माझी जुनी नऊ गिअरची गाडी बरी.

त्या नकारामागे कारण होतं. मी पारोळ्याच्या उस्तादाकडे शिकलो तेव्हा हातात होती ती गाडी डबल क्लचशिवाय गिअरच घेत नसे. क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, खालचा गिअर हवा असेल तर थोडी रेस द्यायची, पुन्हा क्लच, मग गिअर. चुकलं की दांड्यातून हाताला झटका बसायचा. उस्ताद सांगायचे, "मीटरच्या काट्याकडे नको बघू, आवाज ऐक." ते मनात इतकं बसलं की आजही दुसऱ्याच्या गाडीत बसलो तरी इंजिन कधी गिअर मागतंय ते मला कळतं. ही विद्या एका बटणाच्या हवाली करायला जीव होत नव्हता.

पण डावा गुडघा दोन वर्षांपासून बोलत होता. आमची लाइन मध्य प्रदेशातल्या पिथमपूरपासून न्हावा शेवा बंदरापर्यंत. धुळ्याहून निघून माणकोलीला पोहोचेपर्यंत काही वाटत नाही, पण तिथून मुंब्रा बायपासपर्यंतच्या गर्दीत दहा फूट पुढे, थांब, पुन्हा दहा फूट. पायाला विसावाच नाही. घरी आलो की रात्री बायको गुडघ्याला तेल लावून द्यायची. शेवटी तीच म्हणाली, एकदा चालवून तर बघा.

धुळ्याच्या अवधान एमआयडीसीत अर्धा दिवस ट्रेनिंग झालं. कंपनीचा पोरगा पुण्याचा, वयाने माझ्या भाच्याएवढा, पण समजावून सांगायची हातोटी चांगली. त्याने पहिलीच गोष्ट सांगितली ती प्रत्येक ड्रायव्हरने ध्यानात ठेवावी अशी आहे. "काका, ही गाडी कारसारखी ऑटोमॅटिक समजू नका. आत साधाच गिअरबॉक्स आहे, साधीच क्लच प्लेट आहे. फक्त तुमच्या पायाचं आणि हाताचं काम हवा आणि कॉम्प्युटर करतात." याला एएमटी म्हणतात, म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. म्हणूनच सकाळी हवेचं प्रेशर भरेपर्यंत ती गिअर घेत नाही, आणि म्हणूनच प्लेट जळायची ती जळतेच.

मग चालवायला बसलो. बारा गिअर, दोनच पायडल. रिकामा ट्रेलर पुढच्या वळणाशी आला, वेग कमी करायला उजवा पाय ब्रेकवर गेला आणि सवयीने डावा पाय क्लच शोधत खाली आला. क्लच नव्हता, रुंद ब्रेक होता. बावीस वर्षांच्या ताकदीने तो दाबला गेला. गाडी जागच्या जागी खिळली, हवेचा फुस्सकन आवाज झाला, त्या पोराची पाण्याची बाटली काचेवर आपटली. मागे कोणी नव्हतं म्हणून बरं. भरल्या गाडीने हायवेवर हे झालं असतं तर मागच्याचं काय झालं असतं, या विचाराने हातपाय गार पडले.

पोरगा ओरडला नाही. म्हणाला, डावी टाच सीटला टेकवून ठेवा. पहिले दहा दिवस मी डाव्या पायातली चप्पल काढून, पाय मागे दुमडून बसायचो. क्लीनर शिरपूरकडचा, तो प्रत्येक फाट्यावर आठवण करून द्यायचा, "आप्पा, तो पाय इसरी जाय आते." पाय विसरायला तीन आठवडे लागले.

दुसरी चूक वजनकाट्यावर झाली. चढावर रांग होती. जुन्या गाडीत हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा सोडून धरायचो, तसं मी इथे ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली. दोनेक मिनिटांत स्क्रीनवर क्लच तापल्याची सूचना आली आणि तो वास आला, जो कुठल्याही ड्रायव्हरला झोपेतही ओळखू येईल. चढावर ब्रेकवरच उभं राहायचं. ब्रेक सोडला की गाडी काही सेकंद स्वतःला धरून ठेवते, तेवढ्यात रेस देऊन निघायचं. हे मला सांगितलं होतं, पण पायाला पटलं नव्हतं.

खरा प्रश्न घाटाचा. भरल्या गाडीने कसारा चढताना मध्ये जरा सपाटी आली की बॉक्स लगेच वरचा गिअर टाकतो, आणि पुढच्या वळणावर चढ उभा राहिला की एकदम दोन गिअर खाली येतो. तेवढ्यात वेग मरतो. कारण पुढचं वळण मला दिसतं, माझ्या गाडीच्या बॉक्सला दिसत नाही. आता मी वळणाआधीच मॅन्युअल मोडवर, म्हणजे गिअर आपल्या हाती ठेवणाऱ्या सेटिंगवर घेतो आणि गिअर धरून ठेवतो. हे उमगलं त्या दिवशी माझी नाराजी बरीच गेली. उस्तादांनी शिकवलेलं वाया गेलेलं नव्हतं.

उताराला तर दुसरा विचारच नाही. सेंधव्याहून शिरपूरकडे उतरणारा बिजासन घाट आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. जुलै २०२३मध्ये पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर हायवेकडेच्या हॉटेलात घुसला, दहाच्या आसपास माणसं गेली. त्या जागेवरून जाताना अजूनही माझी पकड घट्ट होते. मी घाटाच्या तोंडाशीच गाडी मॅन्युअलवर घेतो, खालचा गिअर लावतो, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा) चालू ठेवतो आणि पायाचा ब्रेक गरजेपुरताच वापरतो. न्यूट्रलवर उतरून डिझेल वाचवणारे अजून आहेत. त्यांना हात जोडून सांगतो, आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल बंदच होतं. न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू राहायला डिझेल लागतं. म्हणजे वाचत काहीच नाही आणि इंजिनाचा ब्रेक हातचा जातो.

तक्रारही आहे. झोडग्याजवळ एका रात्री बॅटरी बसली. जुनी गाडी दुसऱ्या गाडीने साखळीने ओढून गिअरवर चालू करायचो, इथे तो मार्गच नाही. दुसऱ्यांदा गिअरच पडेना, तेव्हा गावच्या मिस्त्रीने बोनेट उघडून हात वर केले. लॅपटॉप घेऊन माणूस येईपर्यंत दुपार झाली. चाळीस फुटी कंटेनर रस्त्याकडेला उभा असताना ती वाट बघणं सोपं नसतं.

तरी आता मी परत फिरणार नाही. मुंब्र्याच्या गर्दीतून निघालो तरी गुडघा गप्प असतो, आणि संध्याकाळी धुळ्यात उतरून जिना चढता येतो.

भाचा ड्रायव्हिंग शिकतोय. त्याला थेट एएमटीवरच बसायचं होतं. त्या ट्रेनरने सांगितलं होतं, अमेरिकेत ट्रकची परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली तर लायसन्सवर मॅन्युअल चालवायची बंदी लिहून देतात. आपल्याकडे ट्रकच्या लायसन्सवर तसं काही लिहीत नाहीत, त्यामुळे कोण काय शिकून आलंय ते कागदावरून कळत नाही. म्हणून रविवारी मी त्याला शेठच्या जुन्या दहा चाकीवर बसवतो, अवधानच्या मोकळ्या रस्त्यावर. तिसऱ्यावरून दुसरा घेताना अजून कर्र होतं. मी काही बोलत नाही, रेडिओ मात्र बंद करतो. गेल्या वेळी त्याने स्वतःच काच खाली घेतली आणि इंजिनाचा आवाज ऐकत बसला, मग क्लच दाबला.