कार्ल्याच्या सातव्या खांबापाशी

गेल्या महिन्यात एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र प्रकाशकांमार्फत माझ्याकडे आले. लेणीस्थापत्यावरील एका पुस्तकाचे मुखपृष्ठ पाहून त्या मुद्दाम कार्ल्याला जाऊन आल्या होत्या, आणि त्यांनी लिहिले होते, की छायाचित्रात अथांग वाटणारे चैत्यगृह, म्हणजे डोंगरात कोरलेले स्तूप असलेले बौद्ध प्रार्थनागृह, प्रत्यक्षात बरेच आखूड निघाले. पत्रात तक्रारीचा सूर नव्हता, पण ते वाचून मी अस्वस्थ झालो, कारण ते छायाचित्र माझे आहे. ते टिपले तो डिसेंबरमधला दिवस तेव्हापासून माझ्या मनातून हललेला नाही.

त्या दिवसापूर्वी मी याच कामासाठी एकदा कार्ल्याला जाऊन आलो होतो आणि तो सगळा खटाटोप वाया गेला होता. सभामंडपाच्या बरोबर मध्यावर तिवई लावून, दोन्ही बाजूंच्या खांबांच्या रांगा सारख्या धरून, टोकाला स्तूप ठेवून मी पंचवीसेक चित्रे घेतली होती. सगळी रेखीव आणि सरळ होती. संपादकांनी ती पाहिली आणि एवढेच सांगितले, की आत शिरल्यासारखे वाटत नाही. संपादकांच्या सूचना पुष्कळदा मोघम असतात आणि त्यांचा अर्थ आपणच लावावा लागतो, परंतु या वेळी त्यांचे म्हणणे मला लगेच पटले. चित्रातले चैत्यगृह एखाद्या नाटकाच्या मागे लावलेल्या रंगवलेल्या पडद्यासारखे दिसत होते.

कार्ल्याचे चैत्यगृह प्रवेशद्वारापासून मागच्या भिंतीपर्यंत सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद आहे. मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा अष्टकोनी खांब आहेत. त्यांच्या तळाशी पायऱ्यापायऱ्यांच्या बैठकीवर घट कोरलेले आहेत आणि शीर्षावर हत्तींच्या पाठीवर बसलेली स्त्रीपुरुषांची युगुले. स्तूपामागचे सात खांब मात्र साधे, अलंकाराविना आहेत. वर गजपृष्ठाकार छताला लाकडी फासळ्या आहेत, त्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मूळच्याच. वैजयंती नगरीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने, म्हणजे धनिक व्यापाऱ्याने, हे शैलगृह पुरे केले आणि ते जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे, असा लेख ओवरीत कोरलेला आहे. इतके वैभव समोर असताना चित्र सपाट येते, यात दोष दगडाचा नव्हता.

माझ्यासोबत येणारा तरुण मदतनीस हुशार आहे, पण कार्यशाळांमधून शिकून आलेल्या बहुतेकांप्रमाणे त्याचाही असा ठाम समज आहे, की खोली हवी असेल तर अधिकाधिक रुंद कोनाची लेन्स लावावी आणि चौकटीत आत जाणाऱ्या रेषा शोधाव्यात. या कार्यशाळांवर माझा राग आहे. तेथे ‘आत नेणाऱ्या रेषा’ पाककृतीसारख्या शिकवल्या जातात आणि मूळ गोष्ट सांगायची राहून जाते. जवळची वस्तू लांबच्या वस्तूच्या किती पट मोठी दिसणार, हे लेन्स ठरवत नाही, आपण कोठे उभे आहोत ते ठरवते. पहिला खांब पाच फुटांवर आणि त्याच रांगेतला दुसरा एखादा खांब पन्नास फुटांवर असेल, तर पहिला दहापट मोठा दिसेल. आपण पंधरा फूट मागे सरकलो, की तीच अंतरे वीस आणि पासष्ट होतात आणि फरक जेमतेम सव्वातीन पटींवर येतो. लेन्स कोणतीही लावा, या हिशेबात काडीचाही बदल होत नाही. रुंद लेन्स फक्त त्या जवळच्या खांबाला चौकटीत जागा करून देते. पहिल्या खेपेला माझ्याकडेही रुंद लेन्स होतीच. मी दारापाशी, सर्व खांबांपासून दूर उभा होतो, आणि चौकटीच्या खालच्या भागात रिकाम्या जमिनीखेरीज काहीही नव्हते.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी मध्यरेषा सोडली आणि डाव्या रांगेच्या कडेला, पहिल्या कोरीव खांबापासून पाच फुटांवर गेलो. तिवईची परवानगी पुरातत्त्व खात्याकडून आधीच घेतलेली होती. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणला, म्हणजे पहिल्या खांबाचा घट चौकटीची डावी बाजू भरून टाकील. कॅमेरा न हलवता वर-खाली सरकवता येणारी शिफ्ट लेन्स लावली होती, ती वर सरकवली, कारण कॅमेरा वर उचलला असता तर खांब आतल्या बाजूला कलले असते. जवळचे आणि लांबचे दोन्ही स्पष्ट यावे म्हणून ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ ११ इतके लहान ठेवले. मग पुढचा दीड तास मी जे केले ते पाहणाऱ्याला विचित्र वाटले असते: मी तिवई एका वेळी वीतभर उजवीकडे किंवा डावीकडे सरकवत होतो.

या वीतभर अंतराविषयी मला सविस्तर लिहिलेच पाहिजे, कारण माझ्या व्यवसायातले निम्मे कौशल्य तेथे असते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. रांगेच्या फार जवळ गेले, की खांब एकमेकांना पूर्ण झाकतात, मधल्या फटी मिटतात आणि रांगेची भिंत होते. भिंतीला लांबी असते, पण डोळ्याला मोजायला काही उरत नाही. फार लांब गेले, की प्रत्येक खांब सुटा होतो, मधून बाजूच्या वाटेतला अंधार दिसू लागतो आणि एकामागे एक असण्याची जाणीव सैल पडते. मला हवी होती ती जागा या दोहोंच्या मध्ये होती: जेथे प्रत्येक खांब मागच्या खांबाला साधारण निम्मा झाकील, जेणेकरून डोळा पहिल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर पायरीपायरीने आत उतरेल. एका वस्तूने दुसरीला झाकणे हा खोलीचा सर्वांत जुना आणि सर्वांत खात्रीचा पुरावा आहे. रेषा डोळ्याला फसवू शकतात, झाकलेली वस्तू मात्र मागेच असते. खांबांची पुढची टोके मागे जाताना इतकी झपाट्याने दाटतात, की दहाव्या खांबापुढे हे गणित जमतच नाही. मी पहिले सात नीट लावले आणि उरलेले दाटू दिले.

उजेडाने मला साथ दिली. लेणे पश्चिमाभिमुख आहे आणि डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दुपारनंतर मोठ्या गवाक्षातून येणारे ऊन सरळ स्तूपावर न जाता तिरपे होऊन डाव्या रांगेवर, हत्तींच्या शीर्षांवर पडते. साडेचारच्या सुमाराला माझ्या जवळचा खांब जवळजवळ काळा होता, तिसरा-चौथा वरून उजळला होता, तेथून परतलेला तांबूस उजेड सातव्या-आठव्यापर्यंत पोहोचत होता आणि स्तूप राखाडी सावलीत होता. काळा, सोनेरी, राखाडी असे तीन थर एकापाठोपाठ एक उभे राहिले. डोंगररांगा धुक्यात फिकट होत गेल्या, की त्या लांब वाटतात. येथे तेच काम शंभर-सव्वाशे फुटांत सावली करत होती.

अडचण माणसांची होती. चैत्यगृहाच्या समोरच आई एकवीरेचे मंदिर आहे, आणि दर्शन झाल्यावर लोक लेण्यात डोकावतातच. त्यात गैर काही नाही. ती जागा त्यांची आहे. परंतु खांबाला टेकून, आत एकदाही न पाहता, स्वतःचेच वीस-वीस फोटो काढून निघून जाणारे तरुणतरुणींचे घोळके पाहून मला मनापासून वाईट वाटले. ज्या खांबांवर धेनुकाकट नावाच्या प्राचीन गावच्या दात्यांनी आपली नावे कोरून ठेवली, त्यांच्याकडे पाठ करून हे लोक उभे होते. चार सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये त्यांच्या हालचालींचे धूसर पट्टे उमटत होते आणि एकामागून एक चित्र वाया जात होते.

त्या गर्दीतून एक कोळी आजी आत आल्या. हातात नारळाची पिशवी होती, अंबाड्यात अबोलीचा गजरा होता. पायऱ्या चढून थकलेल्या दिसत होत्या. त्या सावकाश चालत सातव्या खांबापाशी गेल्या, बैठकीच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसल्या आणि मग त्यांचे लक्ष माझ्याकडे गेले.

“फोटो काढताय काय? मी मध्ये आले काय?”

“नाही आजी, बसा तुम्ही. थोडा वेळ हलू नका, म्हणजे झालं.”

“मी कशाला हलते? पाय धरलेत माझे,” असे म्हणून त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि स्तूपाकडे पाहत राहिल्या.

त्या बसल्याबरोबर कॅमेऱ्याच्या पडद्यावर जे झाले ते मी आजही स्पष्ट पाहू शकतो. तोपर्यंत मी खोली निर्माण केली होती, पण ती कशाची होती हे चित्र सांगत नव्हते. खांब दहा फुटी असतील किंवा शंभर फुटी. माझ्या पुढ्यातल्या घटाचा नुसता फुगवटाच त्या आजींच्या संबंध देहापेक्षा मोठा दिसत होता, आणि त्या ज्या घटाखाली बसल्या होत्या तो नेमका तितकाच, त्याच कारागिरांच्या हातचा होता. एवढ्या एका तुलनेत पहिल्या खांबापासून सातव्यापर्यंतचे अंतर चालून गेल्यासारखे कळत होते. मी तीन चित्रे घेतली. तिसऱ्यात त्या अगदी स्थिर होत्या. नंतर त्यांना पडद्यावर ते दाखवले आणि पुस्तकात छापू का, असे विचारले. त्यांनी आपल्यापेक्षा स्तूपच अधिक वेळ पाहिला आणि खुशाल छापा म्हणाल्या.

पुस्तकात ते आडवे, पूर्ण छापायचे ठरले होते. मुखपृष्ठासाठीही तेच निवडले गेले, आणि मांडणी करणाऱ्याने खालच्या चौथ्या हिश्श्यावर गडद पट्टा टाकून त्यावर पुस्तकाचे नाव घातले. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर असल्यामुळे आजी आणि सगळी जमीन नेमकी त्याच पट्ट्यात गेली. छापून येईपर्यंत मला कोणी विचारले नाही, आणि आल्यानंतर विचारले तेव्हा उत्तर मिळाले, की चित्र आता अधिक भव्य दिसते. ते खरेच होते. मला राग आला तो यासाठीच.

परंतु सगळा दोष त्या पट्ट्यावर टाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कॅमेरा इतका खाली मीच नेला होता. अंतर कळते ते मुख्यतः जमिनीवरून; आपण उभे राहून पाहतो तेव्हा पायापासून स्तूपापर्यंतची फरशी डोळ्यांसमोर पसरलेली असते आणि लांबीचा अंदाज तिच्यावरून येतो. गुडघ्याच्या उंचीवरून तीच फरशी मिटून बोटभर पट्टी होते. समोरचा घट अवाढव्य दिसावा म्हणून मी वाचकाकडून त्याची मोजपट्टी काढून घेतली होती, आणि बदल्यात दिलेली एकमेव खूण म्हणजे सातव्या खांबापाशी बसलेल्या आजी. त्या नसत्या तर ते चित्र मी दिले असते का? त्या दिवशी साडेचार वाजता, इतका सुंदर उजेड असताना, बहुधा दिले असते.

शिक्षिकेला मी उत्तर लिहिले आहे आणि सोबत पूर्ण चित्राची प्रत जोडली आहे. पाठवण्यापूर्वी ती टेबलावर ठेवून मी पाहत बसलो होतो. अंगठ्याने आजींना झाकले, की खांबांची रांग लांबत जाते आणि स्तूप मागे मागे सरकतो. अंगठा उचलला, की तो परत येतो आणि १२४ फुटांच्या आत बसतो.