दारू सुटल्यावर डिझेल मेकॅनिकची उमेदवारी

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. होड्या ओढून शाकारल्या जातात, खलाशी मोकळे होतात, हंगामाच्या हिशोबाचे पैसे हातात असतात. माझं पिणं दरवर्षी वाढायचं ते याच दोन महिन्यांत. म्हणून व्यसनमुक्ती केंद्रातून रत्नागिरीला परत आलो, तेव्हा सगळ्यात जास्त धास्ती पावसाळ्याची होती. केंद्रातल्या समुपदेशक ताईंनी विचारलं होतं, "बंदीत दिवसभर काय करणार?" त्यावरून डोक्यात आलं, बंदीतच तर बोटींची इंजिनं उघडतात. मिस्त्री लोकांना तेव्हा जेवायला फुरसत नसते. मी तांडेलाच्या, म्हणजे होडीवरच्या प्रमुखाच्या, हाताखाली इंजिन चालवलेलं, पण उघडलं कधीच नव्हतं.

आधी मिरकरवाड्यातल्या ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. शिकवायला ते एका पायावर तयार होते. अडचण कागदाची होती. शिकाऊ उमेदवारीची रीतसर नोंदणी 1961 च्या कायद्याखाली होते आणि त्यासाठी आस्थापनेत निदान चार माणसं कामाला लागतात. त्यांच्याकडे दोनच पोरं. मला कागद हवाच होता, कारण "दारूडा होता, आता सुधारलाय म्हणतात" यापेक्षा वेगळी ओळख सांगणारं माझ्याकडे काहीच नव्हतं. त्यांनीच मग मोठ्या वर्कशॉपच्या मालकांशी गाठ घालून दिली.

मालकांना मी पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं. फॉर्ममध्ये व्यसनाचा रकाना नव्हता, न सांगताही चाललं असतं. पण दर आठवड्याला एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला लवकर सुटायचं होतं आणि महिन्याला डॉक्टरांकडे जायचं होतं. लपवून ते जमलं नसतं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मीटिंगच्या दिवशी पाचला नीघ. बाकीच्या दिवशी वेळेवर ये." एवढंच.

दहावीची मार्कशीट, आधार आणि आधारला जोडलेलं बँक खातं लागलं. शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी, मग करार. एनएपीएस या शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी योजनेत विद्यावेतनाचा 25 टक्के वाटा, महिना जास्तीत जास्त 1,500 रुपये, सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात टाकतं. वयाची मर्यादा 35, म्हणून तिशी ओलांडलेला मी त्यात बसलो. पैसे रोख हातात येत नव्हते, हा माझ्यासाठी फार मोठा आधार. एटीएम कार्ड बहिणीकडे दिलं.

सुरुवातीला हात थरथरायचे. टॅपेट सेट करताना, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हची फट नेमकी ठेवताना, फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) 0.30 मिमीची पात फटीत घालायची असते. माझी पात कडेला आपटत राहायची. वर्कशॉपमधले मिस्त्री म्हणाले, "कोपर इंजिनाच्या हेडवर टेकव आणि श्वास सोड. पात जराशी ओढ लागून सरकली पाहिजे. मोकळी सरकली तर फट जास्त, अडकली तर कमी." मी तेच करत राहिलो. लॉकनट आवळला की फट पुन्हा बदलते, मग पुन्हा मोजायचं. त्या वेळात दारूचा विचार डोक्यात येत नाही हे मला हळूहळू कळलं, आणि अशी कामं मी मागून घ्यायला लागलो.

एक गोष्ट इथे मुद्दाम लिहितो. मी डायसल्फिरॅम या दारू सोडवण्यासाठी देतात त्या गोळीवर होतो. या गोळीवर असताना दारू पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं, आणि डॉक्टरांनी थिनर, स्पिरिटच्या वाफांपासूनही जपायला सांगितलं. मग माझ्याकडचे पार्ट डिझेलनेच धुवायचे असं ठरलं. वर्कशॉपला जाण्याआधी तिथे काय काय वापरतात हे डॉक्टरांना जरूर सांगा.

खरी कसोटी इंजिन बोटीत बसून सुरू होतं त्या संध्याकाळी असते. नारळ फुटतो, पेढा वाटतात आणि मागोमाग बाटली येते. ही रीत मोडायला मी कोण? मालकांनी ठरवून टाकलं, पेढा खाल्ला की टूलबॉक्स घेऊन मी परत निघायचं. कुणी आग्रह केलाच तर मिस्त्री मध्ये पडायचे, "त्याला अजून एक काम आहे."

ट्रेड टेस्ट पास झालो, प्रमाणपत्र मिळालं. तिथेच कामाला आहे आणि बंदीतली इंजिनं आता मी स्वतः उघडतो. केंद्रातून आलेला एखादा पोरगा कामाच्या शोधात असेल, तर आधी पैसे रोख मिळणार की खात्यात, आणि काम संपल्यावर तिथली माणसं कुठे बसतात, हे विचारून घे. उपचारच अजून सुरू झाले नसतील तर 14446 ही व्यसनमुक्तीची टोल फ्री हेल्पलाइन आहे, तिथे आधी फोन कर.