एटीएम कार्डाएवढं शुभवर्तमान

मँचेस्टरला भाच्याकडे चार दिवस होतो. तिसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस. तिथला पाऊस आपल्यासारखा कोसळून मोकळा होत नाही, दिवसभर नुसता भुरभुरतो. भाचा म्हणाला, "मामा, फुटबॉलचं स्टेडियम बघू." म्हटलं, आधी डीन्सगेट.

डीन्सगेट म्हणजे तिथला हमरस्ता. जॉन रायलंड्स ग्रंथालय त्याच रस्त्यावर आहे. कापडधंद्यात गब्बर झालेल्या रायलंड्सच्या स्मरणार्थ त्याच्या पत्नीनं, एनरिकेटानं, ते बांधलं आणि १९०० साली लोकांसाठी उघडलं. बाहेरून बघाल तर चर्चच. रस्त्याचा गोंगाट नको म्हणून वाचनकक्ष वरच्या मजल्यावर नेलाय. तिकीट नाही, त्यामुळे भाच्याची कुरकुर निम्म्यावर आली.

मला बघायचा होता एक कपटा. अभ्यासक त्याला पी ५२ म्हणतात. पहिल्या फेरीत मी त्याच्यासमोरून सरळ पुढे निघून गेलो! भाच्यानं हाक मारली, "मामा, हाच ना तुझा?"

काचेआड पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचा, तपकिरी तुकडा. उंची जेमतेम ९ सेंटिमीटर, रुंदी ६. एटीएम कार्डापेक्षा किंचित मोठा, कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या. दोन्ही बाजूंना ग्रीक अक्षरांच्या सात-सात तुटक ओळी. मजकूर पाठपोट आहे, म्हणजे ही गुंडाळी नव्हती, पानं असलेली वही होती.

बर्नार्ड ग्रेनफेल या पपायरसच्या अभ्यासकानं १९२० साली इजिप्तमध्ये हा विकत घेतला. पुढे १९३४ मध्ये कॉलिन रॉबर्ट्स या अभ्यासकानं ओळखलं की हे योहानाचं शुभवर्तमान आहे, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक. त्यातला अध्याय १८, रोमन सुभेदार पिलातासमोर येशूची चौकशी. अक्षरांच्या वळणावरून त्यानं काळ ठरवला दुसऱ्या शतकाचा पूर्वार्ध. नुसत्या वळणावरून इतकं नेमकं बोलू नये, असं आताचे काही अभ्यासक म्हणतात. ते तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत यायला तयार आहेत.

मूळ पुस्तक त्याआधीचं, बहुतेकांच्या मते पहिल्या शतकाच्या अखेरचं. परंपरा म्हणते, येशूचा शिष्य योहान यानं ते आजच्या तुर्कस्तानातल्या इफिसमध्ये लिहिलं. पण पुस्तकात लेखक स्वतःचं नाव कुठंच सांगत नाही. येतो तो 'येशूची ज्याच्यावर प्रीती होती तो शिष्य'. शिवाय विसाव्या अध्यायाअखेर पुस्तक चक्क संपतं आणि मग एकविसावा अध्याय सुरू होतो. त्यात शेवटाकडे एकदम 'आम्हांला ठाऊक आहे' असं अनेकवचन. एका हाताचं काम नसावं.

हेतू मात्र लेखकानं विसाव्यातच सांगून टाकलाय: येशू हाच ख्रिस्त, म्हणजे ज्यू ज्याची वाट बघत होते तो तारणारा, देवाचा पुत्र, असा विश्वास तुम्ही धरावा आणि त्यातून तुम्हांला जीवन मिळावं, म्हणून हे लिहिलं. गंमत अशी की 'विश्वास धरावा' या ग्रीक क्रियापदात हस्तलिखितांमध्ये एका अक्षराचा फरक आहे. एका पाठातून 'नव्यानं धरावा' असा अर्थ काढता येतो, दुसऱ्यातून 'धरलेला सोडू नये' असा. मला दुसरा पटतो. नवव्या अध्यायात एका आंधळ्याला दृष्टी येते, तर त्याचे आईबाप साक्ष द्यायला कचरतात. येशूला ख्रिस्त म्हणणाऱ्याला सभास्थानातून, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातून, काढायचं ठरलेलं असतं. वाळीत टाकणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. अशा तुटलेल्या माणसांना धीर द्यायला कुणीतरी हे लिहिलं असावं, असं वाचताना वाटत राहतं.

भाचा तोवर मोबाइलवर उतारा काढून ओळी लावत बसला होता. कपट्याच्या मागच्या बाजूच्या उताऱ्यात येशू सत्याची साक्ष द्यायला आल्याचं सांगतो आणि पिलात विचारतो, 'सत्य काय आहे?'

"मामा, तो प्रश्न यात कुठाय?"

नाहीये. एका ओळीच्या शेवटी 'त्याला म्हणतो' शिल्लक आहे. पुढच्या ओळीच्या शेवटी 'आणि हे'. मधला प्रश्न फाटलेल्या भागात गेला.

"नेमका तोच?" भाचा म्हणाला आणि पुन्हा काचेशी वाकला. आणखी दहा मिनिटं तो काही हलला नाही. शेवटी मलाच आठवण करून द्यावी लागली, की स्टेडियम बंद होईल.