आमची वाटचाल : जुन्या ट्रकच्या इंजिनाचा मूळ रंग

हिंगणघाट पट्ट्यातलं आमचं वर्कशॉप सुरू झालं ते ट्रकच्या इंजिन ओव्हरहॉलिंगसाठी. नागपूर-हैदराबाद रस्ता हाकेच्या अंतरावर. हंगामात जिनिंगमधून निघणाऱ्या रुईच्या गाठी, वरुड-काटोलचा संत्रा, वणी-चंद्रपूरचा कोळसा, यामुळे गाड्यांची कधी वाण पडली नाही. तेव्हा इंजिनाचा रंग म्हणजे कामाचा शेवटचा अर्धा तास. हेड बसलं, टॅपेट लागले की सिल्व्हरचा डबा उघडायचा आणि ब्रश फिरवायचा. पुढे जुन्या गाड्या जपणारे लोक येऊ लागले. कुणाच्या वाड्यात टाटा-मर्सिडीज उभा, कुणाच्या जिनिंगच्या आवारात डॉज. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा इंजिन कोणत्या रंगाचं होतं, हे त्यांना हवं असायचं. हा प्रश्न आम्ही मनावर घेतला आणि धंदा तिकडे वळत गेला. आज जुन्या इंजिनांची बांधणी आणि त्यांचं रंगकाम हेच आमचं मुख्य काम आहे.

गाडी देणाऱ्याला आमची पहिली विनंती असते की इंजिन धुऊन आणू नका. चांगल्या भावनेने लोक सर्व्हिसिंग सेंटरवर प्रेशरने धुऊन, वर सोडा मारून गाडी आणतात आणि नेमका पुरावाच निघून जातो. जुन्या इंजिनावरचा तेल-धुळीचा बोटभर थर खालच्या रंगाला ऊन, पाणी आणि हवेपासून वाचवतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा रंग त्याखाली बऱ्याच वेळा शाबूत सापडतो.

शोधायचा कुठे? सेल्फ (स्टार्टर मोटर) काढला की त्याच्या मागची ब्लॉकची बाजू, डायनामोच्या ब्रॅकेटच्या आतली कड, इंजिनाच्या नंबर प्लेटच्या मागे, वॉटर पंप आणि टायमिंग कव्हर यांच्यामधली सांद, चेंबरच्या (खालच्या ऑइलच्या टाकीच्या) कडेखाली, इंजिन ज्यावर बसतं त्या फाउंडेशनच्या रबरामागे. प्लास्टिकच्या पट्टीने घाण खरवडायची, मग घासलेटात भिजवलेल्या कापडाने हळूच पुसायचं. तारेचा ब्रश इथे नको. रंग दिसला की लगेच त्याचा नमुना मानायचा नाही. अंधारात आणि तेलात राहिलेला अल्किड (सिंथेटिक इनॅमल) रंग पिवळा पडतो. राखाडीवर हिरवट झाक येते, निळा हिरव्याकडे झुकतो. म्हणून २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यासोबत रुपयाएवढा भाग घासून वरची पिवळी कातडी काढतो आणि खालचा ताजा रंग पाहतो. अशा किमान तीन जागा जुळल्या तरच नमुना पक्का.

इंजिनाचे भाग टाकीत बुडवून साफ करायला वापरतात त्या कॉस्टिक सोड्याबद्दल थोडं सविस्तर सांगणं गरजेचं आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. जुन्या काळातले बरेच गडद हिरवे रंग क्रोम यलो आणि प्रशियन ब्लू मिसळून बनत. ब्रिटिश यंत्रांवर दिसणारा ब्रुन्सविक ग्रीन त्यातलाच. प्रशियन ब्लूला अल्कली सोसत नाही. कॉस्टिक किंवा धुण्याचा सोडा लागला की त्यातला निळा मरतो आणि मागे तपकिरी छटा उरते. कडक उष्णतेनेही तेच होतं, म्हणून एक्झॉस्ट पोर्टाजवळचा नमुना आम्ही कधी धरत नाही. असा मेलेला हिरवा पाहून मिलिटरीचा ऑलिव्ह रंग होता असं ठरवून रंगवलेली इंजिनं आमच्याकडे येतात. सेल्फमागची जागा उघडली की खरा हिरवा दिसतो. शिवाय कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातं. टायमिंग कव्हर किंवा पंपाची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर ती टाकीत गेली म्हणजे गेलीच.

दुसरा प्रश्न थरांचा. ट्रकचं इंजिन आयुष्यात अनेकदा उघडलेलं असतं आणि दर वेळी मिस्त्रीने हाताशी असलेला डबा वापरलेला असतो. वर सिल्व्हर, खाली लाल, त्याखाली निळा, असं सर्रास सापडतं. कारखान्याचा थर ओळखायच्या खुणा आहेत. बहुतेक कारखान्यांत इंजिन जुळवून झाल्यावर रंगवलं जाई. त्यामुळे मूळ रंग बोल्टच्या डोक्यावरून, वायसरवरून आणि पॅकिंगच्या कडेवरून सलग गेलेला असतो, तर दोन भाग जिथे एकमेकांना टेकतात तिथे रंग नसतो. जोडाच्या आत, पॅकिंगखाली रंग सापडला तर तो भाग सुटा रंगवलेला आहे, म्हणजे बहुधा नंतरचा. मूळ थर थेट बिडावर (कास्ट आयर्नवर) किंवा पातळ प्रायमरवर बसलेला असतो. नंतरच्या थराखाली काळी घाण, ग्रीस किंवा गॅस्केट शेलॅकचे ओघळ दबलेले दिसतात. ४०० ते २००० नंबरच्या पेपरने गोल उतार घासला की झाडाच्या खोडातल्या कड्यांसारखे सगळे थर ओळीने मोकळे होतात. जुन्या रंगात शिसं असतं, त्यामुळे हे काम ओलं करूनच आणि मास्क लावूनच. निघालेला गाळ नालीत टाकत नाही, वेगळ्या डब्यात साठवतो.

गाडीचा इतिहास माहीत असेल तर शोध लवकर संपतो. जमशेदपूरला टाटांच्या टेल्कोने डेमलर-बेंझसोबत १९५४ पासून ट्रक काढले, तो करार १९६९ पर्यंत चालला. समोर तीन टोकांचा तारा असलेली गाडी त्या आधीची, टाटाचा टी असलेली नंतरची. शिवडीच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात १९२८ पासून १९५४ पर्यंत शेव्हरलेची जुळणी होत असे. १९३७ ते १९५३ या काळातलं त्यांचं २१६ घन इंचांचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन राखाडी रंगाचं. कुर्ल्याच्या प्रीमियरमधून डॉज, फार्गो, डिसोटो निघाले आणि त्यांच्यात पर्किन्स पी-६ डिझेल इंजिनंही बसली. इथे सावध राहावं लागतं. गाडी एका कंपनीची आणि इंजिन दुसरीचं असलं की इंजिनाचा रंग इंजिनवाल्याचा असतो, गाडीवाल्याचा नव्हे. भागात जुने फर्ग्युसन ट्रॅक्टरही भेटतात, म्हणून त्याचंही उदाहरण देतो. १९५६-५७ च्या एफई-३५ चं इंजिन तांबूस सोनेरी आणि पत्रा राखाडी होता. मॅसी फर्ग्युसन नाव आल्यावर पत्रा लाल आणि इंजिन राखाडी झालं. एकाच जातीचं यंत्र, वर्षभराच्या अंतराने दोन वेगळे रंग. पुस्तकात किंवा दुसऱ्याच्या गाडीवर जे दिसतं त्यापेक्षा समोरच्या इंजिनावर जे सापडतं ते आम्ही वरचढ धरतो.

शेड जुळवताना आधी आयएस ५ या रंगांच्या भारतीय मानकाचं कार्ड लावतो. ५३७ सिग्नल रेड, ६३१ लाइट ग्रे, ६३२ डार्क अ‍ॅडमिरल्टी ग्रे, १६६ फ्रेंच ब्लू, हे आकडे जुन्या ब्रिटिश ३८१सी मानकाशी जुळतात, त्यामुळे ब्रिटिश वळणाच्या इंजिनांना बरेचदा इथेच उत्तर मिळतं. जर्मन वळणाच्या इंजिनाला राल या जर्मन रंगमानकाचं कार्ड. कार्डावर नसेल तर दुकानात मिक्सिंग मशीनवर बनवून घेतो, पण मशीनवर डोळे झाकून विश्वास नाही. आजच्या मिश्रणात प्रशियन ब्लूऐवजी थॅलो ब्लू पडतो आणि तो जास्त उठावदार असतो. उन्हात जुळलेली शेड ट्यूबलाइटखाली फाटते. म्हणून पत्र्याच्या तुकड्यावर दोन कोट मारून, वाळवून, तो नमुन्याशेजारी धरून सकाळच्या सावलीत आणि रात्री दिव्याखाली असा दोनदा पाहतो. ओल्या रंगावर कधीच निर्णय नाही, वाळल्यावर तो बदलतो. हिरवा भडक वाटला तर थेंबभर लाल मिसळून तो दबवता येतो. काळं टाकलं की रंग मळतो.

रंगाइतकीच चकाकी महत्त्वाची. जुन्या ट्रकचं इंजिन आरशासारखं कधीच नव्हतं. पीयूचा (पॉलियुरेथेन रंगाचा) पूर्ण ग्लॉस मारला की शेड बरोबर असूनही इंजिन खोटं दिसतं. आम्ही सेमी-ग्लॉस ठेवतो, त्याच कंपनीचा चकाकी कमी करणारा मॅटिंग बेस मिसळून. कोणता रंग घ्यायचा हे गाडीच्या वापरावर ठरतं. प्रदर्शनापुरती चालणार असेल तर साधा सिंथेटिक इनॅमल, कारण त्याचं अंग आणि पोत मूळ रंगाच्या सगळ्यात जवळचं. गाडी खरंच फिरणार असेल तर मॅट केलेला दोन-डब्यांचा पीयू, कारण सिंथेटिकला डिझेल सोसत नाही. नोझलच्या परतीच्या नळीतून थेंब गळला तरी आठवड्यात रंग मऊ पडून पोपडा सुटतो. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, साधा कापडी मास्क त्याला पुरत नाही, बाहेरची हवा देणारा मास्कच लागतो. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर आम्ही इंजिनावर वापरतच नाही. त्याचा थिनर जहाल, खाली सिंथेटिकचा एकही थर राहिला असला तर तो उचलून सुरकुत्या पाडतो.

तयारी कंटाळवाणी आहे, पण सगळं तिच्यावरच टिकतं. पूर्ण उघडलेला ब्लॉक असेल तरच ब्लास्टिंग. जोडलेल्या इंजिनावर वाळू मारली तर ती ऑइलच्या वाटांमध्ये शिरते आणि बेअरिंग खाते. बाकी घासलेट, मग डीग्रीजर, मग स्वच्छ थिनरचं पुसणं, कारण घासलेट मागे तेलकट पापुद्रा सोडतं. शेवटी पाणी शिंपडून बघायचं. पाणी सलग पसरलं तर पृष्ठ स्वच्छ, थेंब होऊन तुटलं तर पुन्हा डीग्रीजर. जुना सिल्व्हर मुळापासून काढावाच लागतो. त्यातली अ‍ॅल्युमिनियमची पूड वर तरंगून आलेली असते आणि तिच्यावर पुढचा रंग धरत नाही. उघडं बीड पावसाळ्यात तासाभरात तांबूस होतं, म्हणून प्रायमर त्याच दिवशी. बिडाला आयएस २०७४ चा रेड ऑक्साईड-झिंक क्रोम, अ‍ॅल्युमिनियमला एच (धातूला किंचित खाऊन धरणारा) प्रायमर, दोन्ही पातळ. ओतकामाचा खरबरीतपणा लांबी (पुट्टी) भरून गुळगुळीत करायचा नाही. तो मूळचाच आहे, आणि लांबी उष्णतेने तडकते.

सहा सिलिंडरच्या इंजिनाला दोन कोटांसाठी पाऊण लिटरच्या आसपास रंग लागतो. आम्ही एक लिटर एकदम मिसळतो, कारण दुसऱ्या वेळी मिसळलेला शेडला फरक देतो. सिंथेटिकचा पातळपणा चार नंबरच्या फोर्ड कपात (रंग गळून जायला लागणारा वेळ मोजायचा कप) २० ते २२ सेकंद, स्प्रे गनचं नोझल १.४ मिलिमीटर, गनवर हवेचा दाब ४० पीएसआय, अंतर वीतभर. पहिला कोट धूसर, दुसरा भरून. दोन कोटांमध्ये डब्यावर दिलेली वेळ पाळायची. अर्धवट वाळलेल्या सिंथेटिकवर उशिरा दुसरा हात मारला की तो चुरमडतो.

इथलं हवामान शहाण्या रंगाऱ्यालाही जुमानत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, बीड हाताला चटका देतं, आणि रंग गनमधून इंजिनापर्यंत पोचेस्तोवर सुकून खरखरीत बसतो. तेव्हा सकाळी सात-आठच्या आत गन चालवायची आणि थिनर मंद घ्यायचा. पावसाळ्यात कंप्रेसरच्या टाकीत पाणी साचतं, रोज सकाळी ते काढायचं आणि गनजवळ वॉटर सेपरेटर लावायचा, नाहीतर रंगात फोड येतात. जिनिंगच्या हंगामात हवेत तरंगणारा कापसाचा तंतू हा वेगळाच त्रास. त्यासाठी आम्ही फरशी ओली करून, दार लावून रंगवतो.

काय रंगवायचं नाही हेही ठरलेलं आहे. रबरी पाइप, बेल्ट बसतो ती पुलीची खाच, डिपस्टिक, अर्थिंगची जागा. अर्थिंगखाली रंग गेला की सेल्फ अडखळतो आणि दोष बॅटरीला दिला जातो. इंजिन नंबरावर फक्त एक पातळ कोट. जाड रंगाने आकडे बुजले तर आरटीओत तपासणीला अडतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला इंजिनाचा रंग कधीच नाही. बहुतेक इंजिनांवर तो उघड्या बिडाचाच होता आणि तापल्यावर साधा इनॅमल तिथे जळून झडतो. गंज रोखायचा असेल तर ६०० अंशांचा सिलिकॉन रंग, बिडाच्या राखाडी शेडमध्ये, प्रायमरशिवाय. तो नुसत्या हवेने पक्का होत नाही. भट्टीत साधारण १२०, २०० आणि ३१५ अंशांवर अर्धा-अर्धा तास, मध्ये थंड करून. भट्टी नसेल तर इंजिन थोडं चालवून, पूर्ण थंड करून, पुन्हा थोडं जास्त. पहिल्यांदा धूर आणि वास येतोच.

सिंथेटिक मारलेलं इंजिन आम्ही सात दिवस सुरू करत नाही. स्पर्शाला तो दुसऱ्या दिवशी वाळलेला वाटतो, पण आत ओला असतो. इंजिन सोपवताना त्याच मिश्रणाचा दोनशे मिलिलिटरचा डबा सोबत देतो. त्यावर शेड नंबर, मिश्रणाचं प्रमाण, मॅटिंग बेस किती आणि तारीख लिहिलेली असते. पीयू असेल तर हार्डनर वेगळा, वापरायच्या वेळीच मिसळायचा. डबा उलटा ठेवावा म्हणजे साय झाकणाकडे न धरता तळाशी धरते. पाना निसटून ओरखडा पडला तर आधी थिनरने तेल पुसून, ८०० च्या पेपरने कड उतरवून, बारीक ब्रशने फक्त तेवढाच भाग भरायचा.