मधला तंतू कापल्यावर

बुरशी वाढते ती तंतूच्या टोकाकडून. म्हणून आमच्या संगणकावरच्या सिम्युलेशनमध्ये प्रत्येक टोक म्हणजे एक स्वतंत्र एजंट, आपापले नियम पाळून चालणारा. त्याला नियम मोजकेच: पुढे सरक, अन्न मिळालं तर फांदी फोड, कडेला असशील तर शेजाऱ्यापासून लांब जा, आत असशील तर भेटलेल्या तंतूला जुळ. खरी मारामारी या शेवटच्या नियमाशी असते. टोकाचं एक पाऊल तंतूच्या जाडीपेक्षा मोठं ठेवलं, तर ते समोरचा तंतू ओलांडून पलीकडे जातं आणि जोड नोंदलाच जात नाही. त्यामुळे नुसतं अंतर मोजून भागत नाही. पावलाची रेघ जुन्या रेघांना छेदते का, ते दर वेळी तपासावं लागतं. त्यात सपाट मॉडेलमध्ये प्रत्येक छेद म्हणजे जोड धरला, की जाळं खोटंच दाट होतं. खरे तंतू एकमेकांवरून खुशाल निघून जातात. म्हणून आम्ही तिसरी मिती घेतली. रन रात्रभर चालतो, पण त्याला इलाज नाही.

बुरशी न्यूरोस्पोरा क्रासा. जळक्या उसावर नारिंगी बुरशी येते, ती हिच्याच कुळातली. बीडल आणि टॅटम या शास्त्रज्ञांचं १९४१ चं जनुक आणि एन्झाइमवरचं कामही हिच्यावरचंच. हिचा 'सॉफ्ट' नावाचा एक म्युटंट, म्हणजे जनुक बिघडलेला प्रकार आहे, त्याचे तंतू जुळतच नाहीत.

त्या दिवशी मीटिंगमध्ये जोड चालू आणि जोड बंद असे दोन रन शेजारी लावले होते. दोन्ही वसाहतींच्या कडा जवळजवळ सारख्या. वरिष्ठ खूश: "खऱ्या बुरशीच्या फोटोशी जुळतंय, पेपर लिहायला घ्या." व्हिडिओ बुरशीसारखा दिसला की मॉडेल बरोबर, ही आमच्या क्षेत्राची जुनी खोड आहे. वेट लॅबच्या, म्हणजे खरी बुरशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळेच्या मॅडम मात्र म्हणाल्या, "अहो, मधला एखादा तंतू कापून बघा ना."

कापला. खऱ्या बुरशीत तंतू तुटला की आडभिंतीच्या छिद्रात वोरोनिन बॉडी नावाच्या पेशीतल्या बारीक कणाचं बूच बसतं, म्हणून मॉडेलमध्येही तुटकी टोकं लगेच बंद केली. जोड असलेल्या जाळ्यात अन्न आडवाटेनं पुढे पोचलं. जोड नसलेल्या जाळ्यात कापापलीकडचं सगळं उपाशी मरायला हवं होतं. मेलं नाही. कोड उलटसुलट तपासला, त्यात काही नव्हतं. कारण मॉडेलमधल्या डिशमध्ये होतं: अगारमध्ये, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीत, साखर सगळीकडे सारखी, प्रत्येक टोक जागच्या जागी खातंय, मागून रसद हवीच कशाला? मग साखर फक्त मध्यभागी ठेवली आणि पुन्हा कापलं. आता जोड नसलेल्या वसाहतीत कापापलीकडची टोकं एकेक करून थांबली. जोडवाली चालत राहिली.

म्हणजे जाळं तपासायला आम्ही अशी डिश घेतली होती, जिथे जाळ्याला कामच नव्हतं! मातीत अन्न असं सारखं पसरलेलं नसतं. पण मग भरपूर साखरेतही ही बुरशी जोड का करते? बीजाणू रुजतानाच एकमेकांना शोधून जुळतात, अन्न संपायच्या कितीतरी आधी. मॅडमचं म्हणणं, अन्नाचा प्रश्नच नाही, केंद्रकं आणि पेशीरस वाटून घ्यायला हे जोड आहेत. माझ्या मॉडेलमध्ये केंद्रकं नाहीत. वरिष्ठांना याच महिन्यात पेपर हवाय; केंद्रकं घातल्याशिवाय तो पाठवायला मी तयार नाही.