पिंपापासून चुलीपर्यंत

विश्रामबागेत राहणारी माझी भाची सध्या पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी विद्यापीठांची माहिती गोळा करत आहे. परवा तिने अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या ‘कॉलेज ऑफ ह्यूमन इकॉलॉजी’चे नाव घेऊन विचारले, “मावशी, हे पर्यावरणाचं कॉलेज आहे का गं?” मी म्हटले, “नाही, मी परभणीत जे शिकले तेच हे. १९६९ पर्यंत त्याच्या पाटीवर गृहअर्थशास्त्र, म्हणजे आपलं गृहविज्ञान, असंच लिहिलेलं होतं.” ती क्षणभर गप्प झाली आणि मग हसली. ते हसणे माझ्या ओळखीचे आहे. १९८३ साली मी गृहविज्ञानाला प्रवेश घेतला तेव्हा वाळवा तालुक्यातील आमच्या गावात निम्म्या लोकांनी विचारले होते की, पोळ्या लाटायला शिकण्यासाठी इतक्या लांब परभणीला कशाला जायचे.

कॉर्नेलच्या या महाविद्यालयाच्या मानसन्मानांची यादी मोठी आहे. पण मला त्यांच्यापेक्षा त्याची सुरुवात अधिक मोलाची वाटते. १९०० साली मार्था व्हॅन रेन्सेलर यांनी कॉर्नेलमध्ये शेतकऱ्यांच्या बायकांसाठी पत्राद्वारे चालणारा एक वाचनक्रम सुरू केला आणि त्यातील पहिल्या पुस्तिकेचा विषय होता पावले वाचवणे, म्हणजे घरातील बाईला कामासाठी दिवसभर किती चालावे लागते आणि त्यातले किती चालणे टाळता येईल. १९०७ मध्ये कृषी महाविद्यालयात त्याचा स्वतंत्र विभाग झाला. पुढे १९११ मध्ये व्हॅन रेन्सेलर आणि त्यांच्या सहकारी फ्लोरा रोझ यांना प्राध्यापकपद देण्याचा प्रश्न आला, तेव्हा विद्यापीठाच्या अध्यापकवर्गाने जो ठराव केला त्याचा आशय असा होता की, स्त्रियांना प्राध्यापक नेमणे आम्हाला सर्वसाधारणपणे पसंत नाही. तथापि गृहअर्थशास्त्र विभागात त्यांना नेमण्यास आमची हरकत नाही. मान देतानाच तो अर्धा काढून घेण्याची ही कला आपल्याकडच्या बैठकांतही मी पुष्कळ पाहिली आहे. पुढे १२ वर्षांनी, १९२३ मध्ये, अमेरिकेतील महिला मतदारांच्या संघटनेने हयात असलेल्या १२ श्रेष्ठ अमेरिकन स्त्रियांची निवड केली, त्यात व्हॅन रेन्सेलर होत्या. १९२५ मध्ये विभागाचे रूपांतर न्यूयॉर्क राज्याच्या गृहअर्थशास्त्र महाविद्यालयात झाले.

पावले मोजण्याची ती विद्या आमच्यापर्यंत ‘पाथवे चार्ट’ या नावाने पोहोचली होती. स्वयंपाकघराचा नकाशा पुठ्ठ्यावर प्रमाणात काढायचा, जिथे जिथे बाई थांबते तिथे टाचणी टोचायची आणि ती जसजशी फिरेल तसतसा दोरा त्या टाचण्यांना वळसे देत न्यायचा. दिवाळीच्या सुट्टीत मी आईचा चार्ट केला. पाण्याचे पिंप परड्याच्या दाराशी, चूल आत माजघराच्या कोपऱ्यात, पिठाचा डबा सोप्यातल्या फळीवर आणि खरकटे टाकायची जागा पार न्हाणीपाशी, अशी आमच्या घराची मांडणी होती. मी पहाटे पाटावर पुठ्ठा घेऊन बसले आणि वडील शेतावर जाईपर्यंत दोरा फिरवत राहिले. पिंप आणि चूल यांच्यामधल्या दोऱ्यांची शेवटी एवढी जाड वेणी झाली की टाचण्या वाकल्या. दोरा सोडवून मोजला तेव्हा तो सुमारे २० मीटर भरला. एका फुटाला एक सेंटिमीटर हे प्रमाण लावले, म्हणजे आई त्या सकाळी भाकरी, कालवण आणि चहा एवढ्यासाठी जवळजवळ २,००० फूट चालली होती; आणि त्यात आडावरून पाणी आणणे धरलेलेच नव्हते.

कॉर्नेलच्या या महाविद्यालयाला सर्वाधिक कीर्ती मिळवून दिली ती मात्र मानसशास्त्रज्ञ युरी ब्रॉनफेनब्रेनर यांनी. मूल हे घर, शाळा, आईवडिलांची नोकरी, सरकारी धोरण अशा एकात एक असलेल्या वर्तुळांत वाढते, आणि म्हणून मुलाचा अभ्यास त्या सगळ्या परिसरासह करावा लागतो, ही त्यांची मांडणी आज बालविकासाच्या अभ्यासक्रमात सर्वत्र शिकवली जाते. गरीब घरांतील लहान मुलांसाठी अमेरिकेत १९६५ मध्ये सुरू झालेल्या ‘हेड स्टार्ट’ योजनेच्या शिल्पकारांतही त्यांची गणना होते. भाचीला ‘इकॉलॉजी’ या शब्दाचा अर्थ मी याच वर्तुळांवरून समजावला.

मात्र त्याच संस्थेत अनेक दशके अनाथाश्रमातून तान्ही मुले आणून, विद्यार्थिनींना संगोपनाचा सराव व्हावा म्हणून ती पाळीपाळीने त्यांच्या हाती सोपवली जात असत, हेही मी तिला सांगितले. ज्या विद्येने मुलाला त्याच्या माणसांसह पाहायला शिकवले, तिनेच आधी त्याला एवढ्या जणींच्या हातांतून फिरवले होते, हे गौरवाच्या पानावर नसले तरी विसरण्याजोगे नाही.

नाव बदलण्याची पाळी आपल्याकडेही आली. कृषी विद्यापीठांच्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनंतर गृहविज्ञानाचे ‘सामुदायिक विज्ञान’ झाले आणि १९७६ मध्ये स्थापन झालेले परभणीचे आमचे महाविद्यालयही आता त्याच नावाने ओळखले जाते. नव्या नावामुळे मुलगेही प्रवेशाची चौकशी करू लागले तर मला आनंदच होईल. तरीही ‘गृह’ हा शब्द काढल्याशिवाय विज्ञानाला वजन येत नाही, असे ज्यांना वाटते त्यांचे म्हणणे मला आजवर पटलेले नाही.

भाचीने तो पुठ्ठा पाहायला मागितला. तो कधीच उंदरांनी खाल्ला. त्या सकाळी आईने दोऱ्याचे गुंडाळे हातात धरून, “एवढं चालती व्हय मी?” एवढेच विचारले होते आणि ती भांडी घासायला निघून गेली होती. पुढे घर नव्याने बांधले तेव्हा मात्र गवंड्याच्या शेजारी उभे राहून नळ कुठे हवा ते तिने स्वतः दाखवले, ओट्यापासून बरोबर दोन पावलांवर. दोऱ्याचे तिने वाकळेला टाके घातले होते.