पाच माणसं, दोन घाट आणि एक होल्डर: पुणे ते गुहागर

कुंभार्ली घाट उतरताना तिसऱ्या की चौथ्या वळणावर मोबाईल होल्डरसकट काचेवरून सुटला, स्टिअरिंगवर आपटला आणि माझ्या पायांत पडला. पायांत म्हणजे नेमका कुठे, ते दिसत नव्हतं. समोरून एसटी चढत होती, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती आणि मनात एकच धास्ती, होल्डर ब्रेकच्या पेडलखाली गेला तर ब्रेक पुरता दाबलाच जाणार नाही. मागून लेक ओरडली, "आई, मोबाईल!" नवरा वाकून माझ्या पायांत हात घालायला लागला, त्याच्यावर मी खेकसले. जरा पुढे डोंगराच्या अंगाला थोडी रुंद जागा मिळाली. तिथे गाडी लावली, हँडब्रेक ओढला आणि मग खाली बघितलं. मोबाईल क्लचच्या पलीकडे जाऊन पडला होता. होल्डर ब्रेकपासून चार बोटांवर.

सासूबाई मागून शांतपणे म्हणाल्या, "केवढ्याचा गं घेतला होतास?"

एकशे नव्व्याण्णव रुपयांचा.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुण्याहून गुहागरला जाऊन आलो, त्याचा हा वृत्तांत. समुद्र, सुरूची झाडं, व्याडेश्वराचं देऊळ यांवर भरपूर लिहिलं गेलंय, त्यामुळे मी ते थोडक्यात उरकणार आहे. पोरंबाळं आणि म्हातारं माणूस घेऊन घाटातून जाताना मोबाईल गाडीत कुठे आणि कशावर लावायचा, हे मात्र निघायच्या आधी मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

गाडी आमची दहा वर्षांची हॅचबॅक. स्क्रीनबिक्रीन काही नाही, त्यामुळे नकाशा मोबाईलवरच. तुमच्या गाडीत अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले, म्हणजे मोबाईलवरचा नकाशा गाडीच्याच स्क्रीनवर दाखवायची सोय, चालत असेल तर होल्डर घ्यायच्या भानगडीत पडू नका. मोबाईल खणात टाका आणि समोरचा स्क्रीन बघा. आमच्यासारख्यांनी पुढे वाचावं.

सकाळी सहाला सिंहगड रोडवरून निघालो. खंबाटकी चढून गेलो, साताऱ्याच्या अलीकडे मिसळ खाल्ली, साडेनऊच्या सुमारास उंब्रज जवळ आलं. उंब्रजला हायवे सोडून पाटणच्या रस्त्याला लागायचं असतं. नेमका त्याच वेळी फोन आला. गुहागरच्या मावशींचा, म्हणजे सासूबाईंच्या बहिणीचा, सकाळपासूनचा तिसरा. नकाशा गेला आणि अख्ख्या स्क्रीनवर मावशींचा फोटो. नवरा फोन कापू की उचलू असं करेपर्यंत सर्व्हिस रोडला उतरायची जागा मागे पडली. पुढे तासवडेचा टोलनाका. फास्टॅगमधून पैसे गेले, गुपचूप कराडपर्यंत गेलो आणि तिथून पाटणचा रस्ता धरला. मल्हारपेठला उंब्रजकडून येणारा रस्ता येऊन मिळतो, तो दिसल्यावर नवरा म्हणाला, "इथून आलो असतो आपण." सासूबाईंनी तेवढ्यात मावशींना फोन लावून सांगितलंसुद्धा, "तुझ्यामुळे टोल पडला आम्हाला."

गंमत सोडा. होल्डरवरचा मोबाईल हा गाडीत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. तुमचे फोन, तुमचे मेसेज, ऑफिसच्या ग्रुपवरची कुरकुर, सगळं मागच्या सीटपर्यंत वाचलं जातं. माझ्या एका मैत्रिणीचा 'सासूबाई सोबत आहेत, नंतर बोलते' या मेसेजवरचा ताजा शेरा आमच्या गाडीत अशाच प्रकारे मोठ्यानं वाचला गेलाय. तेव्हा निघतानाच डू नॉट डिस्टर्ब लावा आणि नातेवाइकांना दुसऱ्या कुणाचा तरी नंबर द्या.

पाटण सोडलं की कोयनेच्या खोऱ्यात नेटवर्क येऊन जाऊन असतं. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, ते उपग्रहावर चालतं, पण नकाशा मोबाईलमध्ये उतरवलेला नसेल तर कोऱ्या पानावर नुसता निळा ठिपका फिरताना दिसतो. गूगल मॅप्समध्ये कराडपासून गुहागरपर्यंतचा पट्टा घरच्या वायफायवर ऑफलाइन उतरवून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

हेळवाकला थांबलो ते धाकट्यासाठी. त्याला गाडी लागते. समोरच्या सीटच्या डोकं टेकायच्या दांड्यांना टॅब अडकवायचा होल्डर मी मोठ्या हौसेनं आणला होता, प्रवासात पोरगं शांत बसेल म्हणून. सरळ हायवेवर बसलाही. पण वळणांवर डोळे टॅबवर आणि पोट भलतीकडे, असं झाल्यावर व्हायचं तेच झालं. हेळवाकला टॅब काढून डिकीत टाकला, आवळासुपारी दिली आणि घाटात त्याला समोरच्या काचेतून बाहेर बघायला लावलं. ज्यांच्या मुलांना गाडी लागते त्यांनी मागच्या सीटचा होल्डर घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मूळ होल्डरकडे. तो काचेला सक्शननं चिकटणारा होता. सक्शनमध्ये चिकटपणा नावापुरता असतो. आतली हवा निघून जाते आणि बाहेरच्या हवेचा दाब त्याला काचेवर धरून ठेवतो. काच गार, गुळगुळीत आणि स्वच्छ असेल तर तो दिवसच्या दिवस हलत नाही. पण मे महिन्यात भर दुपारी पुढची काच इतकी तापते की हात ठेववत नाही. रबर मऊ पडतं, कडेनं हवा आत शिरते, आणि घाटातला प्रत्येक हिसका त्यात भर घालतो. शिवाय आमच्या काचेवर धुळीचा पातळ थर होता. मी निघताना काच पुसली होती, पण फक्त बाहेरून. आतून कोण पुसतं?

हाच होल्डर डॅशबोर्डवर लावला तर चालेल का? बहुतेक डॅशबोर्ड खरबरीत असतात, त्यावर सक्शन धरत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपची गोल चकती मिळते. ती लावायची तर जागा स्पिरिटनं पुसा, दाबून चिकटवा आणि निदान एक दिवस त्यावर मोबाईल ठेवू नका, कारण या टेपची पकड हळूहळू वाढते. आदल्या रात्री चिकटवून पहाटे निघणाऱ्यांचा मोबाईल पडतो तो यामुळे. आणि डावीकडे, शेजारच्या सीटसमोर, डॅशबोर्डवर एसआरएस एअरबॅग अशी अक्षरं कोरलेली असतील तर त्या जागेच्या आसपास काहीही चिकटवू नका. एअरबॅग तिथूनच फाडून बाहेर येते आणि वर ठेवलेली वस्तू थेट माणसाच्या तोंडावर जाते.

चिपळूणला पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. बहादूरशेख नाक्याजवळ जेवलो. सोलकढी दोनदा मागितली. मग गाडीच्या सामानाच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं आधी लोहचुंबकवाला दाखवला. दिसायला देखणा, मोबाईल जवळ नेला की टपकन बसतो. पण त्यासाठी मोबाईलच्या मागे पत्र्याची चकती लावायची आणि ती लावली की घरचा वायरलेस चार्जर चालत नाही. ज्यांच्या मोबाईलमध्ये आतच चुंबक आहे, आयफोन 12 पासून पुढचे बहुतेक, त्यांना ही अडचण नाही. आमच्या घरात चार मोबाईल, चार कंपन्यांचे, त्यातले दोन जाड कव्हरचे. चौघांच्याही मागे पत्रा लावणं काही जमणारं नव्हतं.

मग एसीच्या जाळीला लावायचे. यांत दोन जाती आहेत, आणि फरक मोठा आहे. एक नुसता चिमट्याचा, तो एसीच्या एका पट्टीला स्प्रिंगनं धरतो. असाच आमच्याकडे आधी होता आणि त्यानं गेल्या वर्षी एक पट्टी मोडली. मेकॅनिक म्हणाला, सुटी पट्टी मिळत नाही, अख्खी जाळी बदला. दुसरा आकड्याचा. त्याचा धातूचा आकडा पट्टीच्या मागून अडकतो, मागची चकती फिरवली की तो घट्ट आवळला जातो आणि खालचा पाय जाळीच्या कडेवर टेकतो. वजन एका पट्टीवर राहत नाही. साडेतीनशेला हा घेतला. घेण्याआधी दुकानासमोर गाडीत लावून, आमच्यातला सगळ्यांत जड मोबाईल ठेवून, नवऱ्याला होल्डर चांगला हलवायला सांगितला. दुकानदाराला ते आवडलं नाही. तुमच्या गाडीची जाळी गोल असेल किंवा पट्ट्या उभ्या असतील तर गाडी दुकानापर्यंत न्याच, नुसत्या अंदाजानं घेऊ नका.

चिपळूण ते गुहागर रामपूर, मार्गताम्हाणे, शृंगारतळी असं साधारण पंचेचाळीस किलोमीटर. तीननंतर निघालो तर सूर्य बरोबर समोर. इथे जाळीच्या होल्डरचा खरा फायदा कळला. सकाळी काचेवर असताना मोबाईल एवढा तापला होता की स्क्रीन आपोआप अंधूक झाला होता आणि चार्जिंग थांबलं होतं. ॲपल आपल्या फोनसाठी 35 अंशांपर्यंतचं हवामान योग्य मानते, आणि कोकणातल्या मे महिन्यात काचेमागे त्याच्या किती वर जात असेल ते सांगायला नको. जाळीपुढे एसीची गार हवा थेट मोबाईलच्या पाठीवर येते. तोटा एवढाच, ती जाळी अडते, म्हणून मागे बसलेल्या सासूबाईंची तक्रार आली. उरलेल्या जाळ्या मागे वळवल्यावर मिटली.

जाळी मधली निवडा, उजव्या दारालगतची नको. दाराजवळचा मोबाईल फक्त चालवणाऱ्याच्या हाताला लागतो आणि कुटुंबाच्या गाडीत नेमकं तेच टाळायचं असतं. मधला मोबाईल शेजारचा माणूस हाताळतो, आपण फक्त नजर टाकायची. कायदाही साधारण हेच सांगतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर गाडी चालवताना हातात मोबाईल धरून वापरणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये धोकादायक चालवण्यात मोडतं, पहिल्यांदा एक ते पाच हजार दंड. ऑक्टोबर 2020 पासून रस्ता शोधण्यापुरता मोबाईल वापरायची मुभा आहे, पण चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं. काचेच्या मधोमध लोंबणारा मोबाईल या वर्णनात कसा बसवायचा, मला कळलेलं नाही. पावसाळ्यात धुक्यात तर तेवढी काचही हवी असते.

गुहागरला दोन दिवस मजेत गेले. हेदवीच्या गणपतीला गेलो, बामणघळ बघितली, मावशींनी टोलचे पैसे देऊ केले, आम्ही घेतले नाहीत. फक्त एक सांगते, पुढे गणपतीपुळ्याला जायचं असेल तर नकाशा तवसाळ ते जयगड फेरीबोटीतून रस्ता दाखवतो. बोटीच्या वेळा आधी विचारून घ्या. संध्याकाळी उशिरा धक्क्यावर पोचलात तर परत फिरून मोठा वळसा.

परतताना लेकीनं डोकं चालवलं. मावशींकडे त्यांच्या मुलाचा जुना मोबाईल पडून होता, सिमकार्ड नसलेला. त्यावर ऑफलाइन नकाशा उतरवला आणि तोच होल्डरवर लावला. मध्येमध्ये रहदारी बघायची तेव्हा नवऱ्याच्या मोबाईलचा हॉटस्पॉट. पूर्ण वाटेत एकही फोन नकाशावर आला नाही. असा जुना मोबाईल घरोघरी असतो, तो गाडीचा करून टाका. मात्र उन्हात उभ्या गाडीत तो सोडून जाऊ नका, जुनी बॅटरी फुगते.

चार्जिंगचं राहिलं. गाडीच्या टेपमधल्या यूएसबीवर विसंबू नका, त्यातून येणारी वीज इतकी कमी की नकाशा चालू असताना चार्जिंग वाढायच्या ऐवजी उतरतं. लायटरच्या खाचेत बसणारा वीस वॅटचा चार्जर घ्या. वायर दीड मीटरची लागते, पण ती गिअरच्या दांड्यावरून लोंबू देऊ नका. आम्ही ती हँडब्रेकच्या बाजूनं नेऊन केसांच्या क्लिपनं गालिच्याला अडकवली. लेकीची क्लिप, तिनं परत मागितलेली नाही.

पुण्यात पोचलो तेव्हा डिकीत हापूसच्या तीन पेट्या, आणि दाराच्या कप्प्यात तो एकशे नव्व्याण्णववाला सक्शनचा होल्डर. टाकून देणार होते. सासूबाईंनी कोमट साबणपाण्यानं रबर धुतलं, ओट्यामागच्या टाइलवर दाबून लावला. रोज सकाळी पोळ्या लाटताना त्यावरून गुहागरला व्हिडिओ कॉल चालतो. दोन महिने झाले, एकदाही पडलेला नाही.